खांद्याच्या मागं दोन पावलं

कसाऱ्याला लोकल संपते. मुंबईपासून १२१ किलोमीटर आलेली गाडी इथं रिकामी होते आणि तोंड फिरवून परत जायला उभी राहते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं काम मात्र इथूनच अवघड होतं. थळ घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. १८६५ साली हा घाट रेल्वेनं ओलांडला. आजही चढावर गाडीच्या मागं जादा इंजिनं लागतात. त्यांना इथं सगळे 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची रेटतात. मी फलाटावर उभी राहून एका गाडीला बँकर लागताना पाहिलं. धक्का देऊन चालत नाही. ते इंजिन हळूच येऊन टेकतं, आणि मग जोर लावतं. दुसऱ्याच दिवशी मला त्या टेकण्याची पुन्हा आठवण झाली.

मी आले होते कुत्र्यासाठी. मुरबाडजवळ आमच्या शेतावर तीन गाई आहेत आणि पाच महिन्यांचं एक पिलू. भाद्रपदात एका दुपारी त्यानं गाभण गाईचा पाठलाग केला. त्याच्या लेखी तो खेळच. गाय काट्याच्या कुंपणावरून उडाली आणि तिच्या कासेवर खोल ओरखडे उठले. जखम भरली, गाभही टिकला. पण पुढं कितीतरी दिवस कुत्र्याची चाहूल लागली की ती दावं ताणून उभी राहायची, चारा तोंडात तसाच. पिलाचा दोष नव्हता. आम्ही त्याला घराच्या ओसरीवर वाढवलं, पोरांबरोबर चेंडूमागं पळवलं, आणि एक दिवस गुरांत सोडून दिलं. आमच्याकडे भातकापणीला येणाऱ्या मावशी ते सगळं पाहून म्हणाल्या, "ताई, कसाऱ्याच्या वर माझा मामा हाय. त्याची कुत्री बगून या एकदा."

म्हणून दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेला दोन दिवस असताना मी निघाले. कसाऱ्याहून जव्हारच्या रस्त्यानं जीप विहिगावच्या अंगाला वळली. पाऊस नुकताच गेलेला, ओढे अजून वाहते. उतारावर खुरासणी पिवळीधम्मक फुललेली, त्यावर नागलीचे पट्टे, आणि खाली खाचरांत भात. हळवं भात कापून झालेलं, गरवं अजून उभं. एका बांधाच्या अलीकडे मोकळी खोडकी आणि पलीकडे लोंब्यांनी वाकलेलं सोनं. गुराख्याची खरी परीक्षा याच पंधरा-वीस दिवसांत असते, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

बाबांचं घर पाड्याच्या टोकाला. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, आणि घरापेक्षा मोठा गोठा. बाबा सत्तरीचे असतील. त्यांची स्वतःची गुरं पाच. बाकीची पाड्यातल्या लोकांची, मिळून वीसेक. राखणीबद्दल घरटी वर्षाला भात मिळतं. सोबत नातू आणि दोन कुत्री. थोरली चांदी, नऊ वर्षांची, कान फाटलेला, चालताना मागचा एक पाय जरा ओढणारी. धाकटा भुऱ्या, वर्षाचा. तिचाच मुलगा.

गुरं सगळी डांगी. शहापूर-मुरबाडपासून इगतपुरी, अकोले आणि पलीकडच्या डांगपर्यंत, जिथं पाऊस धो धो कोसळतो, तिथं हीच जात टिकते. तिच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, म्हणून पाणी अंगावर ठरत नाही. मी हात फिरवला तर बोटांना खरंच ओशट लागलं. पांढऱ्यावर काळे ठिपके, काळ्यावर पांढरे. बाबा एकेकीकडे बोट दाखवून सांगत होते, ही पांढरी कबरी, ती काळी कबरी, तो बहाळा. चिखलणीला हा बैल दिवसभर चिखलात उभा राहतो. दूध बेताचंच, पण इथं गाय दुधापेक्षा बैलासाठी पाळतात.

पहिल्या संध्याकाळी मी सरळ विचारलं, "बाबा, कुत्र्याला शिकवता कसं?"

"शिकवायचं काय त्यात?" ते म्हणाले. "नको ते करू द्यायाचं नाय. बाकी त्येला येतंच."

मला वाटलं, टाळताहेत. पण पुढचे दोन दिवस त्यांच्या मागून हिंडले तेव्हा कळलं, की ते नेमकं सांगत होते. फक्त त्या 'नको ते'मध्ये दीड वर्षाचं काम दडलेलं होतं.

काम सुरू होतं गोठ्याच्या कोपऱ्यात. कुत्री विते ती गव्हाणीच्या मागं, पेंढ्यावर. पिलांचे डोळे उघडतात ते शेणामुताच्या वासात, गाईंच्या रवंथाच्या आवाजात. महिनाभरात ती लुटुलुटु बाहेर येतात आणि बांधलेल्या गाईसमोर जातात. गाय वाकून हुंगते, जोरात फुसकारते. बाबा तेव्हा विडी ओढत नुसते बघत बसतात. कुठलं पिलू केकाटत पळतं, कुठलं तिच्यावर भुंकतं, कुठलं वासराच्या शेपटाला लोंबकळतं. ही तिन्ही पिलं घर राखायला कुणाकुणाला दिली जातात. ठेवायचं ते, जे फुसकारल्यावर पोट टेकून बसतं आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा गाईकडे येतं. भुऱ्या तसा होता. पाच पिलांत एकटाच.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंगर या अमेरिकन दांपत्यानं १९७०च्या दशकात युरोप-आशियातल्या मेंढपाळांकडून राखणीच्या कुत्र्यांची पिलं नेऊन आपल्या देशात मेंढरांबरोबर वाढवून पाहिली होती. पिलाचं मन उघडं असण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. त्या काळात ते ज्यांच्यात राहतं, त्यांना आपलं मानतं. त्यानंतर ते दार हळूहळू लागत जातं. बाबांना मी हे सांगितलं तर ते मान हलवून म्हणाले, "आता उशीर झाला तुमचा." माझ्या पोटात गोळा आला. पिलू तेव्हा सहा महिने पुरे करत आलं होतं.

गोठ्यानंतर दोर. चौथ्या महिन्यापासून भुऱ्या बाबांच्या कमरेला बांधलेला. रोज सकाळी गुरं सुटली की कुत्रं त्यांच्याबरोबर चालायचं, थांबायचं, बसायचं. नुसतं चालणं. कुठं काही हाकायचं नाही, कुणामागं पळायचं नाही. त्या सगळ्या काळात फक्त दोन शब्द, 'बस' आणि 'मागं'. आणि एक शब्द बंद. 'छू' म्हणायचं नाही. घरातल्या कुणीच नाही, आणि पाड्यातल्या पोरांनाही बाबांनी सांगून ठेवलेलं. एक पोरगा गमतीनं छू म्हणाला तेव्हा बाबांचा चढलेला आवाज मी ऐकला. दोन दिवसांत तेवढाच.

कारण विचारलं तर म्हणाले, "एकदा छू शिकला, का त्येला बस शिकवता येत नाय. धावणं त्येच्या रक्तातच हाय. ते आपुन कशाला शिकवायचं?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कुत्रा मुळात शिकारी. नजर लावायची, दबा धरायचा, धावायचं, पकडायचं, फाडायचं, अशी ती साखळी. जगभर जिथं जिथं माणसानं कुत्र्याला गुरामेंढरांच्या कामाला लावलं, तिथं त्यानं ही साखळी कुठंतरी तोडली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली घ्या. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा त्या जातीचा मूळपुरुष मानतात. या कुत्र्यांत नजर, दबा आणि धाव ठेवली, चावा काढून टाकला. काम करताना ते भुंकतही नाहीत. मान खाली घालून, डोळे रोखून मेंढरं हलवतात. शिट्टीच्या खुणेवर डावा वळसा, उजवा वळसा. ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांना आडदांड, अर्धरानटी गुरं शेकडो मैल न्यायची होती. त्यांनी चावा ठेवला, पण टाचेपुरता. ते कुत्रं गाईच्या खुराजवळ चावतं आणि लाथ येईस्तोवर जमिनीला चिकटतं. आणि आपल्या धनगरांचा कुत्रा? त्याची धावच मेंढरांवरून काढून लांडग्यावर लावलेली. तो कळप हाकत नाही, कळपात राहतो.

चांदीची आजी धनगरांच्याच वाड्यावरची. दिवाळीनंतर संगमनेर-पारनेरकडचे धनगर माळशेज उतरून मुरबाडच्या बाजूला येतात, मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतात. बाबा पूर्वी कुणाकडे सोयरिकीला गेले होते, तेव्हा त्यांनी एका धनगराकडून ते पिलू आणलं. पैसे त्यानं घेतले नाहीत. कुत्रा खंडोबाचा, तो विकत नाहीत, एवढंच म्हणाला. बाबांनी पायलीभर तांदूळ ठेवले.

म्हणजे भुऱ्याच्या रक्तात हाकणं नाही, राखणं आहे. तरी तो बांधावर जे काम करतो, ते हाकण्याचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या कापलेल्या खाचरांत गुरं सोडली. खोडक्यांतून कोवळे फुटवे आलेले, बांधावर लुसलुशीत गवत. गुरं खुशीत. आणि बांधापलीकडे दोन हातांवर दुसऱ्याचं गरवं भात. एका गाईनं चार तोंडं मारली तरी संध्याकाळी भांडण. बाबांनी चांदीला बांधाच्या एका टोकाला बसवलं, भुऱ्याला दुसऱ्या. दोर आता नव्हता. दसऱ्यापासून काढला, असं नातू म्हणाला.

तासभर काही घडलं नाही. मग एक कालवड चरत चरत बांधाकडे सरकली. भुऱ्या उठला. तो सरळ तिच्या तोंडावर गेला आणि भुंकला. कालवड दचकली, पण मागं नाही फिरली. शिंगं खाली घालून त्याच्याच अंगावर आली. भुऱ्या बाजूला उडाला, पुन्हा भुंकला, आणि त्या गोंधळात कालवडीचे दोन पाय भातात. मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढं आमची गाय होती, कुंपणावरून उडताना.

चांदी तिकडून आली. पळत नाही, तिला पळता येतही नाही. लांबून वळसा घालून ती भाताच्या बाजूनं आली, मान खाली, आणि कालवडीच्या पुढच्या खांद्याच्या जरा समोर उभी राहिली. बस्स. कालवड थबकली. चांदी एक पाऊल पुढं आली, कालवडीनं मान वळवली. मग चांदी तिच्या खांद्याच्या मागं गेली, दोन पावलं, आणि कालवड चालू लागली, बांध ओलांडून परत खाचरात. एकदाही भुंकणं नाही. हे सगळं माझा श्वास सुटायच्या आत.

बाबांनी काठीनं मातीत गाय काढून दाखवली. लांबोडी रेघ, पुढं डोकं, मधे खांदा. "हितं म्होरं उभं ऱ्हायलं का गाय थांबते. खांद्याच्या मागं गेलं का चालते. लय जवळ गेलं का पळते, नायतर उलटते. आन् पार मागं, शेपटाशी गेलं का तिला दिसत नाय, मग ती घाबरून लाथ घालते." गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तिला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचा एक पट्टा आंधळा. पशुविज्ञानाच्या पुस्तकांत हेच आकृत्या काढून सांगतात. जनावराभोवतीचं एक अदृश्य कुंपण, त्याच्या कडेवर टेकायचं, आत घुसायचं नाही. मला फलाटावरचा बँकर आठवला तो इथं.

पण त्यानंतर बाबांनी जे केलं ते मला अधिक मोलाचं वाटतं. भुऱ्या शेपूट घालून आला होता. त्याला मारलं नाही, रागावलंही नाही. 'बस' म्हणाले. तो बसला. अर्धा तास बसवून ठेवला, धाप जाईपर्यंत. मग त्याला घेऊन कबरीकडे गेले. कबरी बारा-तेरा वर्षांची, कळपातली सगळ्यांत शांत गाय. बाबा तिच्या खांद्यामागं उभे राहिले, भुऱ्याला आपल्या गुडघ्याशी घेतलं, आणि दोघं मिळून दोन पावलं पुढं सरकले. कबरी चार पावलं चालली. लगेच 'बस'. बाबांनी त्याचा गळा खाजवला, आणि त्या दिवसाचं त्याचं शिक्षण तिथं संपलं. दुपारी त्याला बांधावर पुन्हा बसवलंच नाही. चांदी एकटी राखत राहिली. "हरलेला झोपवायचा नाय," बाबा म्हणाले. "थोडं का व्हईना, जमल्यावर झोपवायचा."

वासरू पायाशी असलेल्या गाईपाशी मात्र भुऱ्याला अजून दोन वर्षं पाठवायचं नाही. ती आई. तिला कुत्रा म्हणजे बिबट्याच.

बिबट्याचं बोलणं तिथं सहज निघतं. अंधार पडला की दोन्ही कुत्री आत, दाराला अडसर. चांदीचा फाटलेला कान ही बिबट्याची खूण आहे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता म्हणून ती वाचली. तिचा भाऊ वाचला नाही. त्याआधीचा एक, त्याआधीचा एक. बाबा बोटं मोजत होते आणि मी ती मोजणी थांबावी असं मनात म्हणत होते. डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. गुरंढोरं संख्येनं जास्त असूनही त्यांचा वाटा त्याहून कितीतरी कमी. गाव शांत झोपतं, त्याची किंमत कोण देतं हे त्या आकड्यात आहे. दीड-दोन वर्षं खपून तयार केलेलं जनावर एका रात्रीत जातं. आणि कोपऱ्यात पेंढा टाकून बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

"राग नाय येत?" मी विचारलं.

"कुनाचा? वाघाचा?" त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. इथं बिबट्याही वाघच.

तिसऱ्या दिवशी वाघबारस. शहरात आपण वसुबारसेला सवत्स गाईची पूजा करतो. इथं त्याच दिवशी वाघोबाची. गुराखी पोरांनी घरोघर जाऊन तांदूळ, गूळ, दूध गोळा केलं. रानाच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड, त्याच्यासमोर नारळ फुटला, तीन दगडांच्या चुलीवर खीर शिजली. एक पोरगा वाघ झाला, अंगावर पट्टे ओढून. बाकीच्यांनी त्याला, आमच्या गुरांकडे फिरकू नको, असं बजावत ओरडत रानापर्यंत पिटाळलं. हसणं चाललं होतं, पण म्हाताऱ्यांचे हात जोडलेलेच होते. खिरीचा पहिला द्रोण वाघोबापुढं, दुसरा बाबांनी चांदीपुढं ठेवला. ती इथली रीत आहे की बाबांची, मी विचारलं नाही.

त्या दुपारी भुऱ्यानं कालवड परतवली. तीच कालवड, तोच बांध. तो उठला, पुढं झेपावायला पाय उचलला, आणि थांबला. बाबा काहीच बोलले नव्हते. मग तो भाताच्या कडेनं वळसा घालून गेला, चांदीपेक्षा बराच मोठा वळसा, जरा वेंधळा, आणि तिच्या खांद्यासमोर उभा राहिला. कालवडीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही. आणि ती वळली. भुऱ्या लगेच बाबांकडे धावत आला, पूर्ण शरीर हलवत. बाबांनी विडी विझवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून, "बस," एवढंच म्हणाले. मी डोळे पुसले ते कुणी पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी चाललं असतं.

निघताना मी माझ्या पिलाचं विचारलं. बाबांनी आधी त्याला सुई टोचली का ते विचारलं. पिसाळण्याची लस तीन महिन्यांची झाल्यावर आणि मग दर वर्षी. पाड्यात एकदा पिसाळलेल्या कुत्र्यानं दोन गुरं आणि एक माणूस नेला, तेव्हापासून ते स्वतः कुत्री घेऊन दवाखान्यात जातात. मग म्हणाले, "बांधावरचा कुत्रा नाय व्हनार तो आता. पण गुरांतला व्हईल. तुमची सगळ्यांत म्हातारी गाय कंची? वासरू नसलेली? तिच्याजवळ बांधा. आखूड दोर, तिच्या पायांपासून हातभर लांब. लाथ पोचंल असं नको. रोज रात्री. आन् चेंडू टाकून द्या."

परतीला मी लोकलनं आसनगावला उतरले, शहापुरातून किन्हवलीमार्गे सरळगावची एसटी धरली. खिडकीतून दोन्हीकडे तीच खाचरं, तेच अर्धं कापलेलं भात. आता प्रत्येक बांधावर माझी नजर कुत्रा शोधत होती. बहुतेक ठिकाणी काठी घेतलेलं एखादं पोर होतं. एका ठिकाणी, रस्त्यापासून बऱ्याच आत, काळं कुत्रं बांधावर बसलेलं दिसलं. पोट टेकून, तोंड गुरांकडे. एसटी पुढं गेली तरी मी मान वळवून बघत राहिले.

घरी पोचले त्या रात्री म्हाताऱ्या गाईच्या गव्हाणीशेजारी पेंढा टाकला आणि पिलाला तिथं बांधलं. ते केकाटलं. गाय वाकली, हुंगलं, जोरात फुसकारली. पिलू मागं सरलं, दोर ताणून उभं राहिलं. गाईनंही दावं ताणलेलं. मला त्याला सोडवावंसं वाटलं, आणि मी दार लावून घेतलं.

पहाटे बॅटरी घेऊन गेले. गाय बसून रवंथ करत होती, पिलू पेंढ्यात पोट टेकून जागं होतं. दोघांमध्ये हातभर अंतर. त्याचा दोर सैल पडला होता. तिचं दावंही.